गुडघारक्षक (नी-पॅड)

गुडघा टेकताना, आपटताना किंवा घासताना बसणारा मार स्वतःवर घेणारे साधन. विणलेली लवचीक नी-कॅप आणि बाजूला बिजागरी असलेला नी-ब्रेस ही दोन्ही याहून वेगळी. नी-कॅपने सांध्याला ऊब व हलका दाब मिळतो. ब्रेस अस्थिबंध दुखावले असता हालचाल आवरतो. नुसती नी-कॅप चढवून स्केटिंगला उतरलेल्या मुलाचे गुडघे मात्र फुटायचे ते फुटतातच.

गुडघ्याच्या वाटीवर मांसाचा थर जवळजवळ नसतो. कातडी व हाड यांमध्ये बर्सा नावाची पातळ पिशवी असते. तासन्‌तास गुडघे टेकून काम केल्यास ती सुजते, तिच्यात पाणी साचते, कातडीला जखम असल्यास पूही होतो. लादी बसवणारे, प्लंबर, वेल्डर, बागकाम करणारे यांना हा त्रास नेहमीचा. गुडघारक्षक शरीराचा भार वाटीच्या टोकावर न ठेवता आजूबाजूला पसरवतो आणि खडे, खिळे, तापलेली वा ओली जमीन यांपासून बचाव करतो. आत ईव्हीए फोम किंवा जेल, बाहेर गरजेनुसार कडक प्लास्टिकची कवटी, मागे वेलक्रोचे पट्टे, अशी त्याची साधारण रचना.

कामासाठीच्या रक्षकांना युरोपात ईएन १४४०४ हे मानक लागू आहे. त्यात पायाला बांधायचे, पँटच्या खिशात सरकवायचे, जमिनीवर अंथरायचे आणि इतर उपकरणाचा भाग असलेले असे ४ प्रकार धरले आहेत. आपल्याकडे लादी बसवणारा कारागीर बहुधा गोणपाटाची घडी गुडघ्याखाली घेतो. पुढे सरकला की घडी मागे राहते, म्हणून शेवटी तो उघड्या गुडघ्यानेच काम उरकतो. ज्याला या साधनाची सर्वांत जास्त गरज, त्याच्या हत्यारांच्या पिशवीत ते नसते. कंत्राटदाराने हेल्मेटसारखेच तेही पुरवायला हवे.

खेळांत गरज बदलते. स्केटबोर्डवरचा खेळाडू पडताना मुद्दाम गुडघ्यांवर घसरतो. कडक कवटीमुळे पडण्याचा जोर घसरण्यात जिरतो. व्हॉलीबॉल, कबड्डीत अंगावर अंग येते किंवा मैदानाशी सतत संबंध येतो, तिथे मऊ रक्षक वापरतात. कबड्डीच्या मॅटवर गुडघा घासला की कातडी भाजल्यासारखी सोलवटते. मातीच्या मैदानावर सूर मारणाऱ्या खो-खोपटूचे गुडघेही असेच सोलून निघतात.

या साधनाला मर्यादा आहे. गुडघा पूर्ण दुमडून बसल्याने सांध्याच्या आतील कूर्चेवर येणारा ताण बाहेरच्या गादीने कमी होत नाही. त्यासाठी अधूनमधून उठून पाय मोकळे करावेच लागतात. पट्टा गुडघ्यामागच्या लवणीत रुतता कामा नये, म्हणून रक्षक बांधून काही वेळ गुडघे टेकून पाहावे, मगच विकत घ्यावा. अंगठ्याने दाबल्यावर फोम परत वर येत नसेल, तर तो बदलावा.