स्टर्लिंग : एका शब्दाचा कस

एखाद्या माणसाच्या सचोटीचे किंवा कामगिरीचे मनापासून कौतुक करायचे असेल, तर इंग्रजीत 'स्टर्लिंग' हे विशेषण वापरतात. हाच शब्द ब्रिटनच्या चलनाच्या अधिकृत नावात आहे, 'पौंड स्टर्लिंग'. आणि सराफाकडे चांदीच्या वस्तूवर ९२५ असा छाप दिसला तर तो सांगतो, 'ही स्टर्लिंग चांदी.' चलन, धातूची शुद्धता आणि माणसाचा गुण हे तीन अर्थ एकाच शब्दात कसे आले?

आपल्याला ही वाट अनोळखी नाही. मराठीतही माणूस 'खणखणीत नाणे' असतो, मैत्री 'बावनकशी' असते आणि विद्यार्थी 'कसाला उतरतो'. नाणी आणि धातू पारखण्याची गरज रोजची होती, म्हणून पारखण्याचे शब्द माणसांनाही चिकटले. स्टर्लिंगची गोष्ट मात्र थोडी अधिक तपशिलात सांगता येते, कारण तिचे कागद आणि नाणी दोन्ही शिल्लक आहेत.

पौंड म्हणजे खरोखरच पौंड

आठव्या शतकात युरोपात शार्लमेनच्या राज्यात चांदीच्या नाण्यांचा एक हिशेब पक्का झाला. एक पौंड वजनाच्या चांदीची २४० नाणी पाडायची. १२ नाण्यांचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड. इंग्लंडमध्ये मर्सियाचा राजा ऑफा (राज्यकाल ७५७ ते ७९६) याच्या काळात चांदीची पातळ, रुंद पेनी रूढ झाली आणि हाच हिशेब तेथे रुजला. पौंड आणि शिलिंग या नावांची नाणी तेव्हा नव्हतीच. ती मोजणीची परिमाणे होती. हातात यायची ती फक्त पेनी.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले. त्याआधी पेनीचे वजन वरचेवर बदलत असे. नॉर्मन राजांनी ते सुमारे २२.५ ग्रेनवर, म्हणजे १.४६ ग्रॅमवर स्थिर केले. त्याला २४० ने गुणले की ५४०० ग्रेन, म्हणजे जवळजवळ ३५० ग्रॅम भरतात. हा 'टॉवर पौंड', लंडनच्या टॉवरमधील टांकसाळीचा पौंड. या पेनीलाच लोक 'स्टर्लिंग' म्हणू लागले. तेव्हा 'एक पौंड स्टर्लिंग' याचा मूळ अर्थ अगदी साधा होता : एक पौंड वजनाच्या स्टर्लिंग पेन्या.

नाव कुठून आले?

अकराव्या शतकाच्या अखेरीपासून नॉर्मंडीतील लॅटिन व फ्रेंच लेखनात हा शब्द दिसू लागतो. त्याची व्युत्पत्ती सांगणारी निदान चार मते आहेत. विज्ञानात एखादी कल्पना जशी पुराव्यावर घासून पाहतात, तशीच ही मते तपासता येतात.

पहिले मत सर्वांत प्रसिद्ध आहे. जर्मनीच्या किनाऱ्यावरून, म्हणजे इंग्लंडच्या पूर्वेकडून येणारे व्यापारी चोख चांदीत व्यवहार करीत. त्यांना 'ईस्टरलिंग' म्हणत, त्याचे 'स्टर्लिंग' झाले. ही कथा चौदाव्या शतकाच्या सुमारासच सांगितली जाऊ लागली होती. पण या व्यापाऱ्यांचे प्रमुख शहर ल्यूबेक वसले ११४३ साली, आणि त्यांचा हान्सा संघ आणखी पुढचा. शब्द त्याच्या आधीचा आहे. शिवाय इंग्रजीत ज्या पहिल्या अक्षरावर आघात येतो ते सहसा गळत नाही. जुन्या फ्रेंचमध्ये हा शब्द 'एस्तरलँ' असा येतो हे खरे. परंतु आरंभीच्या 'स्त'पूर्वी 'ए' जोडण्याची फ्रेंचची सवयच होती, जशी आपल्याकडे 'स्कूल'चे 'इस्कूल' करण्याची. तेव्हा तो 'ए' पूर्व दिशेचा पुरावा ठरत नाही.

दुसरे मत पक्ष्याचे. एडवर्ड द कन्फेसर या राजाच्या एका नाण्यावर क्रुसाच्या चार कोनांत चार पक्षी आहेत. ते 'स्टार्लिंग', म्हणजे साळुंकीच्या कुळातले पक्षी असावेत, असे काहींना वाटले. तिसरे मत ताऱ्याचे. काही नॉर्मन पेन्यांवर लहान तारे आहेत आणि जुन्या इंग्रजीत 'स्टेओरलिंग' म्हणजे 'छोटा तारा' असा शब्द कल्पिता येतो. हे मत अनेक कोशकारांना पटले. मात्र दोन्ही मतांपुढे अडचण एकच आहे. त्या काळी नाण्यावरचे चित्र दर काही वर्षांनी बदलत असे. थोडी वर्षे चाललेल्या एका चित्रावरून पिढ्यान्‌पिढ्यांच्या सर्व पेन्यांना नाव का पडावे?

चौथे मत नाणेशास्त्रज्ञ फिलिप ग्रिअर्सन यांनी १९६१ मध्ये मांडले. 'स्टेर' याचा अर्थ भक्कम, पक्का. त्याला 'लिंग' हा प्रत्यय लागला की 'भक्कम नाणे'. रोमन व बायझंटाईन सोन्याच्या नाण्याचे नावही 'सोलिडस', म्हणजे 'घट्ट, भरीव' असेच होते. शब्द दिसू लागतो तो काळ आणि पेनीचे वजन स्थिर झाल्याचा काळ जुळतो, ही या मताची जमेची बाजू. तरी ते सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. पुरावा पहिल्या मताच्या स्पष्ट विरुद्ध आहे, दुसऱ्याला दुबळे करतो, आणि उरलेल्या दोहोंत निर्णय लागू देत नाही. व्युत्पत्तीत अशी स्थिती वारंवार येते. ऐकायला सर्वांत गोड असलेली कथा सर्वांत आधी तपासावी, हा धडा मात्र येथून घेता येतो.

९२५ कसे आले?

मध्ययुगीन टांकसाळीत दशांश अपूर्णांक नव्हते. शुद्धता वजनातच सांगत. बारा औंसांच्या पौंडात ११ औंस २ पेनीवेट शुद्ध चांदी आणि बाकी तांबे, ही स्टर्लिंगची व्याख्या. एका औंसात २० पेनीवेट, म्हणजे पौंडात २४०. त्यांपैकी २२२ चांदीचे. २२२ ला २४० ने भागले की बरोबर ०.९२५ येतात.

तांबे घालायचे कशाला? शुद्ध चांदी मऊ असते. हातोहात फिरणारे नाणे लवकर झिजेल. तांब्याचे अणू चांदीच्या अणूंपेक्षा लहान असतात. ते जालकात शिरले की त्याची रचना ठिकठिकाणी ताणली जाते आणि अणूंच्या थरांना एकमेकांवरून घसरणे अवघड होते. मिश्रधातू कठीण होतो तो यामुळे. सुमारे ७८० अंश सेल्सिअसला चांदीत वजनाने जवळजवळ ९ टक्के तांबे विरघळू शकते. थंड झाल्यावर मात्र फारच थोडे. म्हणून ७.५ टक्के तांब्याची स्टर्लिंग चांदी तापवून झटकन थंड केली तर मऊ राहते, आणि नंतर सुमारे ३०० अंशांवर काही वेळ ठेवली तर तांबे सूक्ष्म कणांच्या रूपात वेगळे होऊन ती अधिक कठीण बनते. मध्ययुगीन कारागिराला हा सिद्धान्त ठाऊक नव्हता. प्रमाण मात्र त्याला अनुभवाने गवसले होते.

विश्वासाची व्यवस्था

प्रमाण ठरवणे सोपे, ते पाळवून घेणे अवघड. ११२४ साली पहिल्या हेन्रीने खोटी नाणी पाडणाऱ्या टांकसाळवाल्यांना विंचेस्टरला बोलावून त्यांचे उजवे हात तोडवले. शिक्षेची भीती थोडा काळ टिकते. तपासणीची पद्धत शतकानुशतके टिकते. १३०० साली पहिल्या एडवर्डने कायदा केला की चांदीची वस्तू स्टर्लिंगपेक्षा हलकी नसावी आणि तपासून तिच्यावर चित्त्याच्या मुखाचा छाप मारावा. पुढे १४७८ पासून ही तपासणी लंडनच्या 'गोल्डस्मिथ्स हॉल'मध्ये होऊ लागली. हॉलमध्ये मारलेला छाप तो 'हॉलमार्क'. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोने सोन्यासाठी २००० साली आणि चांदीसाठी २००५ साली सुरू केलेल्या हॉलमार्कचे नाव येथून आले.

टांकसाळीच्या नाण्यांसाठी १२८२ पासून 'पिक्सची चाचणी' सुरू झाली. पिक्स म्हणजे पेटी. पाडलेल्या नाण्यांतून थोडी नाणी पेटीत टाकत जायचे आणि नंतर टांकसाळीबाहेरच्या पंचांनी त्यांचे वजन व कस तपासायचा. ढिगातून नमुना घेऊन सगळ्या ढिगाबद्दल अनुमान करण्याचे हे फार जुने उदाहरण आहे आणि ही चाचणी आजही होते. न्यूटन टांकसाळीचा प्रमुख असताना १७१० च्या चाचणीत त्याची सोन्याची नाणी प्रमाणापेक्षा हलकी ठरली. शोध घेता असे दिसले की तुलनेसाठी १७०७ साली केलेला प्रमाण-पत्राच गरजेपेक्षा अधिक शुद्ध होता. मोजमापात चूक आली तर मोजपट्टीही तपासावी लागते, हे सांगायला याहून चांगले उदाहरण नाही.

कस पाहण्याच्या पद्धतीही सुधारत गेल्या. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून तिचा रंग पाहणे ही सर्वांत जुनी. दुसरी, हाडांच्या राखेच्या मुशीत शिशाबरोबर नमुना वितळवण्याची : शिसे व तांबे यांची ऑक्साइडे मुशीत शोषली जातात आणि शुद्ध चांदीचा मणी उरतो. १८३२ मध्ये गे-लुसॅक याने साध्या मिठाची पद्धत प्रसिद्ध केली. नमुना नायट्रिक आम्लात विरघळवायचा आणि मिठाचे द्रावण सोडत राहायचे. चांदी पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना येथे एक गणित देता येईल. एक ग्रॅम शुद्ध चांदीला ०.५४२ ग्रॅम मीठ लागते, तर एक ग्रॅम स्टर्लिंगला ०.५०१ ग्रॅम. हा फरक सहज मोजता येतो. आर्किमिडीजच्या पद्धतीने घनता काढली, तर शुद्ध चांदीची १०.४९ आणि स्टर्लिंगची सुमारे १०.३६ येते. फरक जेमतेम सव्वा टक्का. हलक्या मिलावटीला पाण्यातली तपासणी का पुरत नाही, हे यावरून कळते.

राजाचे तांबडे नाक

सर्वांत मोठी मिलावट राजानेच केली. युद्धखर्चासाठी आठव्या हेन्रीने १५४४ पासून नाण्यांतील चांदी कमी करायला सुरुवात केली. १५४६ पर्यंत ती तृतीयांशावर आणि त्याच्या मुलाच्या काळात १५५१ मध्ये चतुर्थांशावर आली. नाण्यावर राजाचा चेहरा समोरून कोरलेला असे. वरचा चांदीचा पातळ थर झिजला की उंच भाग, म्हणजे नाक, प्रथम तांबडे दिसे. लोकांनी राजाचे नाव ठेवले 'तांबडनाक्या'. चांगली नाणी लोक दडवून ठेवू लागले, बाजारात वाईट तेवढी फिरू लागली आणि भाव चढले. १५६०-६१ मध्ये पहिल्या एलिझाबेथने ती नाणी परत घेऊन पुन्हा स्टर्लिंग चांदीची नाणी पाडली. त्यानंतर १९२० पर्यंत, म्हणजे ३६० वर्षे, ब्रिटिश चांदीच्या नाण्याचा कस ढळला नाही. 'स्टर्लिंग' हे विशेषण गुणांना आणि चारित्र्याला लागू लागले, ते याच काळात रुळले. १६०० च्या सुमारास शेक्सपिअर हा शब्द 'अस्सल' या अर्थाने नाटकात वापरतो, आणि प्रेक्षकांना तो समजावून सांगावा लागत नाही.

रुपया आणि स्टर्लिंग

आपल्या रुपयाचे नाव 'रूप्य', म्हणजे चांदीवरूनच आलेले. १८३५ च्या कायद्याने तो १८० ग्रेन वजनाचा आणि ११/१२ शुद्धतेचा ठरला. म्हणजे कस ९१६.७, स्टर्लिंगपेक्षा किंचित कमी. खरी तफावत दुसरीकडे होती. १८१६ च्या कायद्याने ब्रिटनने सुवर्णप्रमाण स्वीकारले. नाव चांदीच्या पेनीचे, पण मोल सोन्याचे! भारताला मात्र इंग्लंडमधील कारभाराचा खर्च, निवृत्तिवेतने आणि कर्जावरचे व्याज स्टर्लिंगमध्येच द्यावे लागे. १८७० नंतर चांदीचा भाव जगभर कोसळला. १८७० च्या सुमारास एका पौंडासाठी दहा रुपये पुरत. १८९२-९३ मध्ये सोळा लागू लागले. देणे पौंडांत तेवढेच राहिले, तरी येथल्या करदात्यावरचा बोजा दीडपटीहून अधिक झाला. १८९३ मध्ये सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडून देणे बंद केले आणि पुढे रुपया १ शिलिंग ४ पेन्सला बांधला.

या व्यवस्थेची कठोर चिकित्सा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन विद्यापीठाच्या डी. एस्‌सी. साठी लिहिलेल्या प्रबंधात केली. 'द प्रॉब्लेम ऑफ द रूपी' या नावाने तो १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. किती रुपये काढावेत हे राज्यकर्त्यांच्या मर्जीवर राहू नये, त्यावर कायद्याने मर्यादा हवी, हा त्यांचा आग्रह होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने भारतातून माल व सेवा घेतल्या आणि मोबदला लंडनमधल्या खात्यावर जमा दाखवला. हे 'स्टर्लिंग येणे' सुमारे १३० कोटी पौंडांपर्यंत गेले. स्वातंत्र्यानंतर ते हप्त्याहप्त्याने मिळाले. दरम्यान १९४९ मध्ये पौंडाचे, आणि त्याला बांधलेल्या रुपयाचेही, अवमूल्यन झाले. रुपयाची स्टर्लिंगशी असलेली गाठ सुटली ती सप्टेंबर १९७५ मध्ये.

धातू गेला, शब्द राहिला

१९२० मध्ये ब्रिटिश नाण्यांतील चांदी निम्म्यावर आली आणि १९४७ मध्ये ती चलनातून गेली. तेथे तांबे-निकेल आले. १५ फेब्रुवारी १९७१ पासून पौंडाचे २४० ऐवजी १०० पेन्स झाले. ईस्टरपूर्वी राजघराण्याकडून दान म्हणून वाटल्या जाणाऱ्या 'मॉन्डी' नाण्यांत मात्र अजून ९२५ ची चांदी असते. आज एक पौंड देऊन ३५० ग्रॅम चांदी मिळेल अशी कल्पनाही कोणी करणार नाही. तरी नाव 'पौंड' आहे आणि 'स्टर्लिंग'ही.

आपल्या गावात किंवा वर्गात पारख, पोतदार, सराफ अशी आडनावे असतील. पोतदार म्हणजे खजिन्यातील नाणी पारखून घेणारा. विद्यार्थ्यांना अशा आडनावांचा आणि 'चोख', 'कस', 'खोटा', 'खणखणीत' या शब्दांचा माग काढायला सांगावा. प्रत्येक कथेला पुरावा कोणता आणि काळ जुळतो का, हे दोन प्रश्न मात्र विचारायला लावावेत. शब्दांचाही कस तेवढ्यानेच लागतो.