अमृतमहालची कुरणे आणि ड्रोनची धावपट्टी

असईच्या लढाईविषयी वाचताना माझे लक्ष तोफांपेक्षा तोफा ओढणाऱ्या बैलांकडे अधिक गेले. आमच्या जालना जिल्ह्यात, केळणा आणि जुई नद्यांच्या बेचक्यात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी ऑर्थर वेलस्ली शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून गेला. मराठ्यांच्या तोफखान्याने त्याचे बैल टिपले आणि इंग्रजांच्या तोफा जागीच अडल्या. ही फौज त्याच वर्षी मार्चमध्ये म्हैसूर राज्यातील हरिहरहून निघाली होती. वेलस्लीच्या वेगवान कूचांचे श्रेय जुन्या इंग्रजी लिखाणात तिथल्या अमृतमहाल बैलांना दिलेले आढळते.

हे वोडेयर राजांचे गुरांचे खाते. त्याचे मूळ नाव ‘बेण्णे चावडी’, म्हणजे लोण्याचे खाते. हैदरअलीने ते वाढवले, टिपूने त्याला ‘अमृतमहाल’ हे नाव दिले आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ते कंपनीकडे गेले. खात्याच्या राखीव कुरणांना ‘कावल’ म्हणत. उन्हाळी, पावसाळी आणि हिवाळी अशी त्यांची वाटणी असे. लष्कराला बैल हवे होते, म्हणून गवत राखले गेले. त्याच्या आश्रयाने काळवीट, लांडगे आणि माळावरचे पक्षीही टिकले.

चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे तालुक्यात अशा कावलांची सुमारे दहा हजार एकर जमीन २००९ नंतर विविध संस्थांना देण्यात आली. त्यातली ४,२९० एकर संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेला, अर्थात डीआरडीओला मिळाली. नोव्हेंबर २०१६ मध्ये ‘रुस्तम-२’ हे मानवरहित विमान येथून प्रथम उडाले. २८ मे २०१७ रोजी चाचणी केंद्राचे रीतसर उद्घाटन झाले. सप्टेंबर २०१९ आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चाचणीतील विमाने याच जिल्ह्यातील शेतांत कोसळली.

बातमी झाली ती अपघातांची. माळावरचा मोठा बदल मात्र कुंपणामुळे झाला. मेंढपाळांच्या वाटा बंद झाल्या. मेंढीच्या लोकरीवर चालणाऱ्या घोंगडी विणकरांनाही झळ लागली. माळढोक आणि तणमोर यांच्या अधिवासाचा प्रश्नही उभा राहिला. २०१३ मध्ये हा वाद राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला.

देशाला ड्रोन हवेत, याबद्दल माझे दुमत नाही. पण दीडदोनशे वर्षांपूर्वी ज्या गवताची लष्करी साधन म्हणून नोंद होती, तीच जमीन आता ‘मोकळी’ कशी ठरते? मराठवाड्यात गायरानांना सहज ‘पडीक’ म्हटले जाते. तिथे कोण चारतो, कोणत्या महिन्यात चारतो, काय उगवते, याची नोंद सातबाऱ्यावर सापडत नाही. जमीन देण्याआधी निदान ती नोंद व्हावी. अमृतमहालच्या कारकुनांना ऋतुवार कुरणे ठाऊक होती; आजच्या कचेऱ्यांनाही ती ठाऊक असायला हरकत नाही.