१९४०च्या फेब्रुवारीतला रक्तदाब

२६ ऑक्टोबर १९३७ – १९४/१३०. १९ फेब्रुवारी १९४० – २२०/११०.

महात्मा गांधींच्या रक्तदाबाच्या या दोन नोंदी. दीडशेव्या जयंतीच्या निमित्ताने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१९ मध्ये त्यांच्या प्रकृतीचे कागद छापले, त्यांत त्या आहेत. वर्तमानपत्रांनी आकडे उचलले. तारखांकडे कुणी फारसे पाहिले नाही. खरी माहिती तारखांत आहे.

१९३६ पासून गांधींचा मुक्काम वर्ध्याजवळच्या सेगावात होता (१९४० मध्ये त्याचेच सेवाग्राम झाले). त्यामुळे हे आकडे आपण सहज आश्रमातले धरतो. पण ऑक्टोबर १९३७च्या अखेरीस काँग्रेस महासमितीची बैठक कलकत्त्याला होती आणि गांधी त्यासाठी तिकडे गेले होते. १९ फेब्रुवारी १९४० हा तर शांतिनिकेतनातून निघण्याचा दिवस. त्याच दिवशी रवींद्रनाथांनी विश्वभारती सांभाळण्याची विनंती करणारे पत्र त्यांच्या हाती दिले. म्हणजे दोन्ही नोंदी बंगालच्या दौऱ्यातल्या. वर्ध्याहून हावड्याचा सरळ रस्ता सिंदी, बुटीबोरी, नागपूर असा. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेचा लांबलचक पल्ला. अडुसष्ट-सत्तरीच्या माणसाचा हा प्रवास, वर सभा आणि वाटाघाटी. रक्तदाब मोजायला याहून वाईट वेळ नसेल. तरीही सगळे खापर प्रवासावर फोडता येत नाही, कारण डिसेंबर १९३५ मध्ये खुद्द वर्ध्यातच त्यांचा रक्तदाब वाढला होता आणि सक्तीची विश्रांती घ्यावी लागली होती.

दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की आणखी एक गोष्ट दिसते. सव्वादोन वर्षांत वरचा आकडा २६ने चढला आणि खालचा २०ने उतरला. दोहोंतले अंतर ६४ वरून ११० वर गेले. वयाबरोबर रोहिण्या ताठर होतात तेव्हा असेच होते. अर्थात दोन मोजमापांवर निदान उभे करणे धाडसाचे. मी ते करणार नाही. याच कागदांत १९३९चे वजन आहे ४६.७ किलो, शरीरभार निर्देशांक १७.१. वाढत्या वजनामुळे रक्तदाब वाढतो, हे आजचे ठरलेले स्पष्टीकरण या हाडकुळ्या देहाला लागू पडत नाही.

आता त्याच सुमाराचे दुसरे कागद. क्लीव्हलंडमध्ये हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्याच्या मूत्रपिंडाची रोहिणी चांदीच्या चिमट्याने आवळून रक्तदाब कायमचा वाढवून दाखवला होता. मूत्रपिंड आवळल्यावर रक्तात रक्तदाब चढवणारे नेमके काय तयार होते? जानेवारी १९४० मध्ये, शांतिनिकेतनच्या त्या दिवसाच्या महिनाभर आधी, इंडियानापोलिसचे अर्व्हिन पेज आणि ऑस्कर हेल्मर यांनी त्या द्रव्यावरचा निबंध छापला. ब्युनोस आयर्समध्ये ब्राउन-मेनेन्देझ आणि त्यांचे सहकारी स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले होते. एकांनी त्याला अँजिओटोनिन म्हटले, दुसऱ्यांनी हायपरटेन्सिन. वाद १९५८ मध्ये मिटला, तो अर्धे याचे आणि अर्धे त्याचे घेऊन: अँजिओटेन्सिन.

साखळी थोडक्यात अशी. मूत्रपिंडाला रक्त कमी पडल्यासारखे वाटले की ते रेनिन सोडते. रेनिन यकृतातून आलेले एक प्रथिन तोडते, आणि त्याचा तुकडा फुप्फुसांत आणखी तुटून आठ अमिनो आम्लांचे अँजिओटेन्सिन–२ तयार होते. हे संप्रेरक रक्तवाहिन्यांच्या स्नायूंवरच्या एटी–१ या रिसेप्टरला जाऊन चिकटते, वाहिन्या आवळतात. ॲड्रिनल ग्रंथीवरच्या त्याच रिसेप्टरमुळे अल्डोस्टेरॉन सुटते आणि शरीर मीठ-पाणी धरून ठेवते. हृदयाच्या स्नायूंतही तो असतो, आणि तिथे हा इशारा वर्षानुवर्षे चालू राहिला तर भिंती जाड होतात. इन्सुलिनचा संदेश पेशीत पुढे सरकण्यातही एटी–१ आडवा येतो, म्हणून रक्तदाबाचा हा रिसेप्टर मधुमेहाच्या चर्चेत शिरला. मात्र त्याचे जनुक हाती लागले ते १९९१ मध्ये.

गांधींच्या काळी सेगावात मातीच्या पट्ट्या होत्या, विश्रांती होती, मौन होते. आणि सर्पगंधा होती: तिचे तीन थेंब घेतल्याचे गांधींनी आपल्या डॉक्टर सुशीला नय्यर यांना पत्रात कळवले आहे. हा निव्वळ आजीबाईचा बटवा म्हणून सोडून देऊ नये. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच सर्पगंधेने रक्तदाब उतरतो असे छापले होते. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचा अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये दिला, तेव्हा जगाने दखल घेतली आणि १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. ही मुळी एटी–१ला स्पर्श करत नाही. तिच्यातले रेसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांतला नॉरॲड्रिनॅलिनचा साठा रिकामा करते. गांधी आजचेच औषध वेगळ्या रूपात घेत होते, असे कुणी लिहिले तर ते चूक आहे.

एटी–१ अडवणारी पहिली गोळी, लोसार्टन, अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झाली. मग मधुमेहही टळेल अशा आशा वाढल्या. २००२च्या ‘लाइफ’ चाचणीत ९,१९३ रुग्ण होते. अटेनोलॉल या रक्तदाबाच्याच दुसऱ्या औषधापेक्षा लोसार्टन घेणाऱ्यांत नवा मधुमेह २५ टक्क्यांनी कमी निघाला. पण तुलनेतले अटेनोलॉल स्वतःच साखर बिघडवते, तेव्हा यातले श्रेय किती लोसार्टनचे, हा प्रश्न राहतोच. २००४ मध्ये टेल्मिसार्टन हे एटी–१ अडवण्याबरोबरच चरबी आणि साखरेच्या व्यवहारातल्या पीपार-गॅमा या दुसऱ्या रिसेप्टरलाही थोडे चेतवते असे प्रयोगशाळेत दिसले, आणि एका गोळीत दोन कामे असा गाजावाजा झाला. २००८च्या ‘ट्रान्सेंड’ चाचणीने तो ओसरला: टेल्मिसार्टनमुळे नवे मधुमेही लक्षणीय घटले नाहीत. २०१०च्या ‘नॅव्हिगेटर’ चाचणीत याच गटातल्या वाल्सार्टनने मधुमेहाचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटवले, पण हृदयाचे झटके आणि मृत्यू तेवढेच राहिले. रक्तदाब उतरवण्यात या गोळ्या पक्क्या. साखरेवरचा त्यांचा उपकार बेताचा. औषधाच्या जाहिराती ही दोन वाक्ये याच क्रमाने लिहीत नाहीत.

नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकार, राज्ये आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून त्यात आधी चार जिल्हे आले: भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा. ठरलेल्या उपचारक्रमात ॲम्लोडिपिनबरोबर टेल्मिसार्टनचीही गोळी आहे, आणि रुग्णाच्या प्रत्येक फेरीला रक्तदाब नोंदवायचा, तो १४०/९०च्या खाली आणायचा, असा दंडक आहे. बुटीबोरी नागपूर जिल्ह्यात मोडते, म्हणून ती त्या पहिल्या यादीत नव्हती. रुळांवरून वर्ध्याकडे थोडे गेले की सिंदीला वर्धा जिल्हा लागतो आणि तिथल्या रुग्णाची नोंद आधी सुरू झाली.