तिसऱ्या क्रमांकाचे लखनौ

25 मे 2022 रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर लखनौ सुपर जायंट्सचा आयपीएलमधला पहिला हंगाम 14 धावांच्या पराभवाने संपला. साखळीत संघाने 18 गुण मिळवले होते. राजस्थान रॉयल्सचेही गुण तेवढेच होते. फरक होता तो निव्वळ धावगतीचा : राजस्थान 0.298, लखनौ 0.251. या फरकामुळे राजस्थान दुसरे आणि लखनौ तिसरे ठरले. राजस्थान पुढे गुजरातकडून हरले तरी त्यांना आणखी एक सामना मिळाला, तो जिंकून ते अंतिम फेरीत पोहोचले. लखनौ एकदाच हरले आणि घरी गेले.

हे नशिबाचे काम नव्हते. ही रचना माणसांनी आखलेली आहे आणि तिला जुना इतिहास आहे.

1934-35 मध्ये रणजी करंडक सुरू झाला तेव्हा सगळा मामला बाद फेरीचा होता. हरला तो संपला. 1939-40 चा अंतिम सामना पुण्यात झाला. प्रा. दि. ब. देवधरांच्या महाराष्ट्राने संयुक्त प्रांताला, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशाच्या संघाला, हरवून करंडक जिंकला. 1957-58 पासून विभागवार साखळी आली, पण प्रत्येक विभागातून एकच संघ पुढे जाई. पश्चिम विभागात मुंबई असल्याने महाराष्ट्र, बडोदा, गुजरात आणि सौराष्ट्र यांची वाट तिथेच अडे. मुंबईने 1958-59 पासून सलग 15 वेळा करंडक जिंकला, त्या काळात शेजाऱ्यांच्या वाट्याला काय आले असेल ते वेगळे सांगायला नको. 1970-71 मध्ये प्रत्येक विभागातून दोन संघ घ्यायचे ठरले. त्याच वर्षी अंतिम सामना मुंबई आणि महाराष्ट्र यांच्यात झाला! नियम बदलला नसता तर ही लढत विभागातच निकालात निघाली असती.

2002-03 मध्ये विभाग बाजूला सारून एलिट आणि प्लेट असे दोन स्तर करण्यात आले. याच नव्या रचनेत 2005-06 चा अंतिम सामना लखनौच्या के. डी. सिंग बाबू स्टेडियमवर झाला. मोहम्मद कैफच्या उत्तर प्रदेशाने बंगालविरुद्ध पहिल्या डावातील आघाडीवर पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला.

व्यावसायिक लीगमध्ये प्रश्न अधिक अवघड झाला. आयपीएलच्या पहिल्या तीन हंगामांत आठ संघ दुहेरी साखळी खेळत आणि पहिले चार थेट उपांत्य फेरीत जात. 2009 मध्ये दिल्लीने गुणतक्त्यात पहिले स्थान मिळवले आणि चौथ्या क्रमांकाच्या डेक्कन चार्जर्सकडून हार पत्करली. 2010 मध्ये 20 गुणांची मुंबई अंतिम फेरीत 14 गुणांच्या चेन्नईकडून हरली. कित्येक आठवड्यांची मेहनत एका संध्याकाळी पुसली जात होती.

2011 मध्ये यावर उतारा आला. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरियन फुटबॉल लीगने 1931 मध्ये स्वीकारलेली पद्धत आयपीएलने उचलली. पहिले दोन संघ आपसात खेळतात. जिंकणारा थेट अंतिम फेरीत जातो आणि हरणाऱ्याला दुसरी संधी मिळते. तिसरा आणि चौथा मात्र एलिमिनेटरमध्ये भेटतात आणि एका पराभवात बाद होतात. पहिल्या क्रमांकाला न्याय मिळाला, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकामध्ये मोठी दरी पडली.

त्याच वर्षी संघ आठाचे दहा झाले. नव्या दोनपैकी पुणे वॉरियर्स हा संघ लखनौत मुख्यालय असलेल्या सहारा समूहाने 37 कोटी डॉलरना घेतला होता. पुणे एकदाही प्लेऑफला न पोहोचता 2013 नंतर बाहेर पडले. पुढे 2016 आणि 2017 मध्ये पुण्याचा दुसरा संघ संजीव गोयंका यांच्याकडे होता. त्यांच्याच आरपीएसजी समूहाने ऑक्टोबर 2021 मध्ये 7,090 कोटी रुपयांना लखनौ घेतले. या लखनौच्या पहिल्या हंगामाचे सगळे साखळी सामने मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यातच झाले.

दहा संघांची खरी अडचण वेळापत्रकात आहे. प्रत्येकाने 14 सामने खेळायचे म्हटल्यावर काही प्रतिस्पर्धी दोनदा भेटतात, काही एकदाच. म्हणजे सगळ्यांची परीक्षा सारखी नसते आणि तरीही गुणतक्ता एकच असतो. 2017 मध्ये प्रो कबड्डीही आठावरून बारा संघांवर गेली तेव्हा तिथे संघ दोन झोनमध्ये विभागले गेले. लखनौत घरचे सामने खेळणारा नवा यूपी योद्धा पहिल्याच हंगामात एलिमिनेटरला पोहोचला आणि पुणेरी पलटणकडून हरला. कबड्डीने 2019 मध्ये झोन मोडीत काढले आणि सर्वांना सर्वांशी दोनदा खेळायला लावले. दहा संघ झाल्यावर क्रिकेटने ते केले नाही.

लखनौने त्याची किंमत पुन्हा मोजली. 2023 मध्ये चेन्नई आणि लखनौ, दोघांचे 17 गुण. धावगतीवर चेन्नई दुसरे आले आणि विजेतेही झाले. तिसरे लखनौ एलिमिनेटरमध्ये मुंबईकडून 81 धावांनी हरले. 2024 मध्ये बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि लखनौ असे चार संघ 14 गुणांवर थांबले. लखनौने चेन्नईला दोन्ही वेळा आणि बंगळुरूला त्यांच्या एकमेव सामन्यात हरवले होते. दिल्लीकडून मात्र ते दोनदा हरले. शेवटी निर्णय धावगतीने केला : बंगळुरू 0.459, लखनौ उणे 0.667. बंगळुरू चौथे, लखनौ सातवे. त्या उण्यात हैदराबादच्या एका रात्रीचा मोठा वाटा होता. 166 धावांचे लक्ष्य हैदराबादने 9.4 षटकांत एकही गडी न गमावता गाठले होते.

धावगती मोजायला सोपी आहे, म्हणून ती टिकली. पण आपसातल्या सामन्यांचा निकाल तिच्याआधी पाहायचा तर सगळे संघ एकमेकांशी सारख्याच वेळा खेळायला हवेत. दहा संघांच्या दुहेरी साखळीला 90 सामने लागतात. सध्या 70 होतात. संघ वाढवून कोट्यवधी रुपये घेणाऱ्या भारतीय क्रिकेट मंडळाने हे 20 सामने वाढवायला हवेत. तोपर्यंत गुणतक्ता पाहताना गुणांच्या शेजारी कोण कोणाशी किती वेळा खेळले हेही प्रेक्षकांनी तपासून पाहावे.