तालीम : कोल्हापूरने जपलेला एक शब्द

नववीच्या वर्गात एकदा आम्ही मुलांना 'तालीम' या शब्दाचा अर्थ विचारला. निम्मा वर्ग म्हणाला, शिक्षण. उरलेला निम्मा म्हणाला, कुस्तीची जागा. वर्गात हशा पिकला, पण दोन्ही उत्तरे बरोबर होती. इल्म म्हणजे ज्ञान आणि तालीम म्हणजे ते ज्ञान दुसऱ्याच्या ठायी उतरवणे. दोन्ही शब्दांचे मूळ अरबीत एकच. कोल्हापूरने हा शब्द मदरशातून उचलून तांबड्या मातीच्या हौद्यात नेला, आणि उस्तादाचा 'वस्ताद' करून त्याला पेठापेठांत मान दिला. गवयांच्या घरीही हाच शब्द चालतो. अमक्याने अमक्याची तालीम घेतली, असेच तिथे म्हणतात.

गाण्यातल्या तालमीचा इतिहास सांगायचा तर कोल्हापुरात उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांचे नाव पहिले घ्यावे लागते. त्यांचा जन्म १८५५ साली राजस्थानातील उनियारा येथे झाला. वडील अहमद खाँ लवकर वारले. पोरक्या मुलाला चुलते जहांगीर खाँ यांनी जवळ घेतले आणि वर्षानुवर्षे ध्रुपद-ख्याल शिकवले. पुढे ऐन उमेदीत, एका संस्थानात दिवसेंदिवस गाऊन त्यांचा आवाज बसला. काही काळाने तो परतला खरा, पण पूर्वीचा राहिला नाही. दुसरा कोणी असता तर तंबोरा खुंटीला टांगून मोकळा झाला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला पेलेल अशी नवी, वळणावळणाची, लयीला घट्ट बिलगलेली गायकी घडवली. तिलाच आज आपण जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतो. ती बुद्धीने घडवलेली असल्यामुळे शिकवता येत होती. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट विशेष वाटते. स्वतः अडखळून पुन्हा उभा राहिलेला माणूस दुसऱ्याची अडखळण लवकर ओळखतो.

राजर्षी शाहू महाराजांनी १८९४ साली राज्यसूत्रे हाती घेतली, आणि पुढच्या एक-दोन वर्षांतच खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गायक झाले. १९२२ साली महाराजांचे निधन होईपर्यंत त्यांचे बिऱ्हाड या शहरात होते. या काळात आणि नंतर मुंबईत त्यांनी कोणाला शिकवले, ते पाहण्यासारखे आहे. धाकटे बंधू हैदर खाँ, पुत्र मंजी खाँ आणि भूर्जी खाँ हे घरचे. पण भास्करबुवा बखले हे ब्राह्मण घरातले, आणि केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या गोव्याच्या कलावंत घराण्यांतल्या. मंजी खाँ १९३७ साली गेले, तेव्हा त्यांचे शिष्य मल्लिकार्जुन मन्सूर यांना भूर्जी खाँनी पुढे शिकवले. मन्सूर धारवाडकडचे, मातृभाषा कन्नड. उर्दू बोलणाऱ्या उस्तादाने मराठी मुलखात राहून कानडी शिष्य घडवला, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

केसरबाईंची तालीम १९२१ साली सुरू झाली, ती १९४६ साली खाँसाहेब अल्लाला प्यारे होईपर्यंत. पंचवीस वर्षे! आज दोन महिन्यांच्या वर्गाला आपण 'कोर्स' म्हणतो. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' याने अवकाशात सोडली, त्यांतल्या सोनेरी तबकडीवर पृथ्वीवरच्या मोजक्या संगीतात केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या गेल्या. कोल्हापूरच्या गल्लीत राहिलेल्या एका उस्तादाची शिकवण आज सूर्यमालेच्या सीमेपलीकडे प्रवास करते आहे.

मात्र या परंपरेचे नुसते गोडवे गाणे इतिहासाला धरून होणार नाही. मोगूबाईंची कहाणी वेगळी आहे. खाँसाहेब सांगलीला उपचारासाठी आले असताना त्यांच्या कानावर या मुलीचा रियाज पडला आणि त्यांनी आपण होऊन शिकवायला सुरुवात केली. पण ती तालीम मध्येच सुटली. मोगूबाईंना इतर उस्तादांकडे जावे लागले, मग हैदर खाँ यांच्याकडे, आणि रीतसर गंडा बांधला गेला तो १९३४ साली. गुरूची मर्जी, बड्या आश्रयदात्यांचा शब्द, पैसा, शिष्याशिष्यांतली चुरस या सगळ्यांवर विद्येचे दार उघडे की बंद हे ठरत असे. पुष्कळ गवयांनी चिजा छातीशी धरल्या आणि त्या त्यांच्याबरोबरच कबरीत वा चितेवर गेल्या. मोगूबाईंनी मात्र जे कष्टाने मिळवले ते कन्या किशोरी आमोणकर यांना आणि इतर शिष्यांना मोकळ्या हाताने दिले.

दार सर्वांसाठी उघडे ठेवायचे तर एका उस्तादाची मर्जी पुरत नाही, संस्था लागते. हे शाहू महाराजांनी ओळखले होते. त्यांना स्वतःला धारवाड येथे फ्रेझर यांच्यासारखा शिक्षक लाभला होता. राजपुत्राला जे मिळाले ते गरिबाच्या मुलाला का मिळू नये? १९०१ सालच्या मराठा बोर्डिंगपासून त्यांनी जातीजातींची वसतिगृहे उभी केली. १९०६ साली मुस्लिम समाजातील जाणत्यांना बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि अध्यक्षपद स्वतःकडे ठेवले. दसरा चौकातले मुस्लिम बोर्डिंग हे त्याचे फळ. खेड्यातून आलेल्या मुलाला तिथे छप्पर आणि भाकरी तर मिळालीच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, वरच्या वर्गात गेलेला आपल्यातलाच एक मुलगा रोज डोळ्यांसमोर दिसू लागला.

२००६ सालच्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की सहा ते चौदा वयोगटातील २५ टक्के मुस्लिम मुले एक तर शाळेत गेलीच नव्हती किंवा मध्येच गळाली होती. आम्ही हा आकडा कागदावर वाचला, आणि वर्गातही पाहिला. आमची एक हुशार विद्यार्थिनी दहावीला चांगल्या गुणांनी पास झाली. पेढेही वाटले. अकरावीच्या प्रवेशाची तारीख निघून गेली, कारण घरात कोणी त्या वाटेने गेलेले नव्हते, आणि आम्ही नव्या दहावीच्या मागे लागलो होतो. दोन वर्षांनी बाजारात तिची अम्मी भेटली तेव्हा कळले. दोष गरिबीचा थोडा, आमचा जास्त. आम्ही तिला शिकवले होते, पण तालीम दिली नव्हती.

अल्लादिया खाँसाहेबांचे नाव घेताना आपली मान ताठ होते, ते योग्यच आहे. परंतु वारसा फक्त नावाचा मिरवायचा की कामाचा चालवायचा? पोरक्या पुतण्याला जवळ घेणारे जहांगीर खाँ नसते तर अल्लादिया खाँ झालेच नसते. त्यांचे नाव आज कितीजण घेतात? उस्ताद बहुधा असाच मागे राहतो, आणि त्यात त्याचे काही बिघडत नाही.

म्हणून आता दर वर्षी दहावी सुटली की आम्ही वहीत चार नावे लिहितो. फार नाही, चारच. त्यांचा फॉर्म, त्यांची फी, पुढच्या दोन वर्षांतले त्यांचे अडखळणे, सारे आमच्या वहीत. गंडा बांधायला आमच्याकडे दोरा नाही. वही आहे.