पाऊस नाही, तरी छतातून पाणी का ठिबकतं?

अमेरिकेतलं मिनेसोटा किंवा कॅनडातलं विनिपेग. कडाक्याच्या थंडीनंतर एक दिवस जरा ऊन पडतं आणि सीलिंगवर ओले डाग दिसू लागतात. छत फुटलं असं वाटतं. पण अनेकदा हे पाणी घरातलंच असतं.

नेमकं काय होतं?

तिकडच्या उतरत्या छपराखाली पोटमाळा असतो, त्याला ‘अ‍ॅटिक’ म्हणतात. अंघोळ, स्वयंपाक, घरात वाळत घातलेले कपडे यांची वाफ सीलिंगच्या फटींतून तिथे पोहोचते. फ्रिजमधल्या बाटलीवर पाणी जमतं, तशीच ती गारठलेल्या फळ्यांवर आणि खिळ्यांच्या टोकांवर जमून गोठते. ऊब मिळाली की हा बर्फ वितळतो. वारंवार असं झालं तर बुरशी येते, लाकूड कुजतं.

उपाय काय?

• आधी फटी बुजवा : दिवे, पाइप, वायरी आणि माळ्याचं झाकण यांच्याभोवतीच्या. इन्सुलेशनचा थर त्यानंतर वाढवा. नुसता थर वाफ अडवत नाही.
• बाथरूम आणि किचनच्या एक्झॉस्ट फॅनची नळी माळ्यात नको, थेट घराबाहेर काढा.
• छपराच्या कडेची आणि माथ्यावरची हवेची छिद्रं इन्सुलेशनने झाकू नका.
• हायग्रोमीटरवर लक्ष ठेवा. हिवाळ्यात घरातली आर्द्रता ३० ते ४० टक्के पुरते. कडक थंडीत त्याहूनही कमी ठेवा. ह्युमिडिफायर असेल तर बंद करा.

म्हणून छत दुरुस्तीवर खर्च करण्याआधी थंडीच्या दिवसात टॉर्च घेऊन माळ्यावर डोकवा. खिळ्यांवर पांढरा थर दिसला, तर दोष छपराचा नाही, फटींचा आहे.