ख्रिस्ती श्रद्धा उघडपणे सांगणं: कायद्याने काय चालतं, काय नाही?

स्टेटसला बायबलचं वचन ठेवणं, बाजारात पत्रकं वाटणं, आजारी शेजाऱ्याला 'तुमच्यासाठी प्रार्थना करू का?' असं विचारणं. बऱ्याच ख्रिस्ती लोकांसाठी यात वेगळं काही नसतं. येशूची सुवार्ता इतरांना सांगणं हा त्यांच्या श्रद्धेचाच भाग आहे. पण असा एखादा व्हिडिओ व्हायरल झाला की कमेंटमध्ये दोन वाक्यं हमखास दिसतात: 'हे बेकायदेशीर आहे' आणि 'आम्हाला कोणी अडवू शकत नाही'. दोन्ही अर्धवट आहेत.

मराठीत हे कधीपासून?

मराठीतली ही परंपरा संविधानाच्या बरीच आधीची आहे. 'ज्ञानोदय' हे ख्रिस्ती नियतकालिक 1842 मध्ये अहमदनगरला सुरू झालं. कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग आणि कीर्तन या मराठी माणसाच्या ओळखीच्या प्रकारांतून ख्रिस्ताविषयी सांगितलं.

संविधानात काय आहे?

कलम 25 नुसार प्रत्येक व्यक्तीला आपला धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. यातला 'प्रसार' हा शब्द सहज आलेला नाही. 6 डिसेंबर 1948 रोजी संविधान सभेत त्यावर जोरदार चर्चा झाली. लोकनाथ मिश्र यांचा या शब्दाला विरोध होता. ताजमुल हुसेन यांच्या मते धर्म ही खासगी बाब होती आणि ती तशीच राहायला हवी होती. कन्हैयालाल मुनशी यांनी मात्र शब्द ठेवण्याची बाजू मांडली. भाषणस्वातंत्र्य दिल्यावर हा शब्द नसला तरी लोक आपला धर्म दुसऱ्याला पटवून देऊ शकतीलच, असा त्यांचा मुद्दा होता. शेवटी शब्द राहिला.

मुंबई राज्याच्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यावरून झालेल्या रतिलाल गांधी खटल्यात सुप्रीम कोर्टाने 1954 मध्ये स्पष्ट केलं की, श्रद्धा फक्त मनात बाळगण्याचाच नाही, तर कृतीतून दाखवण्याचा आणि इतरांना सांगण्याचाही हक्क आहे.

मग धर्मांतराचं काय?

इथे 1977 चा स्टॅनिस्लॉस निकाल महत्त्वाचा ठरतो. मध्य प्रदेश आणि ओडिशाच्या धर्मांतरविषयक कायद्यांना त्यात आव्हान दिलं होतं. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने दोन्ही कायदे वैध ठरवले. प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असं कोर्टाने म्हटलं.

याचा अर्थ कोणी धर्म बदलूच शकत नाही, असा नाही. सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्यही कलम 25 मध्येच आहे. 2018 मध्ये हादिया प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सज्ञान व्यक्तीचा धर्म निवडण्याचा अधिकार मान्य केला. म्हणजे सांगण्याचा हक्क सांगणाऱ्याचा, तर ठरवण्याचा हक्क ऐकणाऱ्याचा.

वाद कुठे होतो?

अनेक राज्यांतले कायदे जबरदस्ती, फसवणूक आणि आमिष यांतून होणारं धर्मांतर गुन्हा ठरवतात. वाद या शब्दांच्या व्याख्येवरून होतो. ओडिशाच्या 1967 च्या कायद्यात दैवी कोपाची भीती घालणं हीसुद्धा जबरदस्ती मानली आहे. मग नरकाविषयीचं प्रवचन शिकवण ठरतं की धमकी? मोफत शाळा किंवा दवाखाना ही सेवा की आमिष? समर्थकांच्या मते गरिबांची फसवणूक थांबवायला असे कायदे हवेत. टीकाकारांच्या मते सैल व्याख्यांमुळे साध्या प्रार्थनेवरही तक्रार होऊ शकते.

आणखी मर्यादा कोणत्या?

कलम 25 चा हक्क सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे. चेन्नईतल्या एका चर्चच्या लाऊडस्पीकरचं प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, तेव्हा इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करा असं कोणताही धर्म सांगत नाही, असं कोर्टाने 2000 मध्ये नमूद केलं. कलम 28 नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. निवडणुकीत उमेदवाराच्या किंवा मतदाराच्या धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट मार्ग ठरतो, असं 2017 च्या अभिराम सिंह निकालात म्हटलं आहे.

गप्प राहण्याचा हक्क आहे का?

केरळमधल्या 'यहोवाचे साक्षीदार' पंथाच्या तीन मुलांना 1985 मध्ये शाळेतून काढण्यात आलं. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गात नव्हती. 1986 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. श्रद्धा कधी बोलण्यातून दिसते, तर कधी न बोलण्यातून, आणि संरक्षण दोन्हींना आहे.

पोस्ट टाकताना काय लक्षात ठेवावं?

वचन, साक्ष, गाणं, प्रार्थनासभेचं आमंत्रण शेअर करणं हे आपली श्रद्धा सांगणंच आहे. पण दुसऱ्याच्या धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने, जाणूनबुजून त्याच्या धर्माचा अपमान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 299 नुसार गुन्हा आहे. धर्मावरून गटांत वैर पसरवणं कलम 196 खाली येतं. दोन्हींत ऑनलाइन मजकूरही मोडतो आणि दोन्ही कलमं सर्व धर्मांच्या लोकांना सारखीच लागू आहेत. म्हणजे ख्रिस्ती पोस्टखाली येशूविषयी मुद्दाम अपमानकारक लिहिणाराही त्यातून सुटत नाही.

आणि समोरच्याने 'नको' म्हटलं, तर तिथेच थांबावं. ऐकायचं की नाही, हा निर्णय त्याचा आहे.